झाडोऱ्यातले मंदिर आणि टेप धरणारी माणसे

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राच्या कड्यावर, तुलुम हे माया लोकांचे जुने नगर आहे. फ्रेडरिक कॅथरवुड या इंग्रज चित्रकाराने अमेरिकन लेखक जॉन लॉइड स्टीफन्सबरोबर १८४२ साली ते पाहिले. पुढे १८४४ मध्ये त्याने २५ शिलामुद्रित चित्रांचा संग्रह काढला. त्यातल्या तुलुमच्या मंदिराच्या चित्राविषयी आम्हाला थोडे बोलायचे आहे.

कॅथरवुड आपल्याला अगदीच परका नाही. १८३३ साली इजिप्ती अधिकाऱ्याच्या वेशात जेरुसलेमच्या हरम शरीफमध्ये जाऊन कुब्बतुस्सखराची मोजमापे घेणारा तो हाच. (त्या वेशांतराबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, रेखाटने मात्र मेहनतीची होती.) कोपानच्या जंगलात चिखलात उभा राहून, डासांमुळे हातमोजे घालून तो चित्रे काढत होता, असे स्टीफन्सने लिहून ठेवले आहे. त्याच्या आधी आलेल्या वाल्डेकला माया अक्षरांत हत्ती दिसले होते. कॅथरवुडने नसलेला हत्ती काढला नाही, हे त्याचे मोठेपण आम्ही मानतो.

तुलुमच्या चित्रात मात्र दोन कॅथरवुड आहेत. एक मोजणारा. दर्शनी भागात दोन माणसे टेप धरून उभी आहेत. ती स्टीफन्स आणि कॅथरवुड स्वतःच, असे मानले जाते. दुसरा कॅथरवुड अंधारलेल्या झाडीचा आणि नाट्यमय उजेडाचा शौकीन. हा दुसरा बघणाऱ्याला जिंकतो, आणि आमची तक्रार त्याच्याशीच आहे. रान इतके दाट की मंदिराला कोणी वारसच उरला नाही असे वाटावे. झाडी तोडणारे माया मजूर याच चित्रात आहेत, पण नजर त्यांच्यावर ठरत नाही. ते देखाव्याचा भाग होऊन जातात.

स्टीफन्सचे म्हणणे नेमके उलट होते. या इमारती इजिप्तहून आलेल्या कोणी नव्हे, तर इथल्याच माणसांच्या पूर्वजांनी बांधल्या, असे त्याने ठामपणे मांडले. मजकूर वारस दाखवतो आणि चित्र त्यांना सावलीत ढकलते.

संग्रह निघाल्यावर तीनच वर्षांनी, १८४७ मध्ये, युकातानच्या माया लोकांनी बंड केले. ते अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिले. त्या काळात तुलुम बंडखोरांचे पवित्र स्थान झाले आणि तिथे बोलणाऱ्या क्रुसाची उपासना चालू लागली. १८७० च्या सुमारास मारिया उइकाब नावाची माया स्त्री तिथली पुजारीण होती.