नामाची संगत आणि कोशाचे कर्तव्य

शब्दाचा अर्थ दिला की कोशकाराचे कार्य संपले, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. इंग्रजी नामांच्या बाबतीत ती किती अपुरी आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. ब्रिटिश इंग्रजीत परीक्षेस बसणाऱ्याकडे ‘टेक’ हे क्रियापद जाते, तर ‘गिव्ह’ परीक्षा घेणाऱ्याकडे. ‘एक्झॅमिनेशन’ म्हणजे परीक्षा, एवढेच जाणणारा विद्यार्थी क्रियापदाचे शब्दशः भाषांतर करतो आणि नकळत परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. नामाचा अर्थ त्यास ठाऊक असतो; नामाची संगत ठाऊक नसते.

ही संगत केवळ तर्काने कळत नाही. आपण पाऊस व वारा या दोहोंनाही ‘जोराचा’ हे एकच विशेषण लावतो. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, तर वारा ‘स्ट्राँग’ असतो. हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियो येथे अशा शब्दसाहचर्यांचा अहवाल सिद्ध केला. १९५१ मध्ये जे. आर. फर्थ यांनी साहचर्य हे अर्थाचेच एक अंग होय, असे प्रतिपादन केले. मॉर्टन बेन्सन, एव्हलिन बेन्सन व रॉबर्ट इल्सन यांच्या १९८६ च्या कोशात क्रियापदे व विशेषणे नामाखाली दिली आहेत. लिहिणाऱ्यास नाम आधी सुचते आणि क्रियापद तो शोधीत असतो; म्हणून ही योजना युक्तच होय.

तथापि क्रियापदांच्या नुसत्या यादीने मराठी वाचकाचे काम भागत नाही. ‘टेक’ व ‘गिव्ह’ शेजारी शेजारी आढळली, पण कर्ता कोण हे सांगितले नाही, तर मूळ घोटाळा कायमच राहतो. भारतीय इंग्रजीत विद्यार्थ्याच्या तोंडी ‘गिव्ह’ रुळले आहे, हे खरे. त्यास दोष मानण्याचे कारण नाही. परंतु हा भेद कोशाने नोंदविलाच पाहिजे.

ही दृष्टी आपणांस अपरिचित नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अनेक मराठी नामांपुढे त्यांच्यासह येणारी क्रियापदे दिलेली आहेत. मराठी शिकणाऱ्या परकीयासाठी जी काळजी तेव्हा घेतली गेली, तीच इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी आज का घेतली जाऊ नये?