सलामीनंतर काय वाजतं?

मुंबईहून येताना वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे फुटतो. तो सोडून गोवा महामार्गाने नागोठण्याच्या दिशेने गेलं की पुढे रोहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे इथल्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. प्रथा ब्रिटिश काळापासूनची. मग पालखी गावात फिरायला निघते.

या सोहळ्याचे व्हिडिओ आपण फोनवर बघतो. त्यातले बरेचसे सलामीपाशीच संपतात. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

कवायत सुंदर असते, यात वाद नाही. माणसं अनेक, पण बुटाचा आवाज एकच. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. लाइट इन्फंट्रीची चाल मिनिटाला 140 पावलांची, एरवीच्या संचलनातल्या 120 पेक्षा जलद. तिथे बँडने ठेका धरायचा आणि पावलांनी तो पाळायचा. बराकीतल्या संगीताचं कामच ते: अनेक शरीरांचं एक शरीर करणं.

पालखीपुढचा खालू बाजा नेमका उलटा चालतो. सनई, ढोल, टिमकी. इथे पावलं ठेका पाळत नाहीत, ठेकाच पावलांकडे बघतो. पालखी कुणाच्या दारात थांबली, आरती लांबली, नाचणाऱ्यांना चेव आला, की वादक त्याप्रमाणे लय बदलतात. हे गबाळेपण नव्हे. समोरच्याकडे लक्ष ठेवून वाजवायची ती वेगळीच शिस्त आहे.

पण आपली नजर टीव्हीवरच्या परेडने घडवलेली. 2022 साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ वगळलं, तेव्हा वाद झाला तो कोणती धून वाजावी यावर. समारंभाचं संगीत म्हणजे गणवेशातला बँड, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलं होतं. त्याच सवयीने आपण रोह्यातल्या सलामीला ‘सोहळा’ म्हणतो आणि खालू बाजाला ‘वातावरण’. सलामीला दरवर्षी हुकूम असतो. खालू बाजाला फक्त ऐकणारे असतात. ते कमी झाले की त्या जागी डीजे यायला वेळ लागत नाही.

मला सलामीतलं मोल वेगळं वाटतं. राज्याची बंदूक गावाच्या देवापुढे क्षणभर अदबीने उभी राहते आणि बाजूला होते. पुढची वाट गावाची, गावाच्या वाद्यांची.

म्हणून बंदुका खांद्यावर गेल्या तरी रेकॉर्डिंग बंद करू नका. सोहळा तिथून पुढे चालतो.