वैद्यकीय संशोधकांसाठीचे संख्याशास्त्र-अध्यापन : एक चिकित्सा

वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य असून त्यासाठी जैवसंख्याशास्त्र शिकविले जाते. अध्यापनाचा रूढ क्रम सरासरी, प्रमाण विचलन, टी-कसोटी, काय-वर्ग कसोटी व अखेरीस पी-मूल्य असा असतो. या क्रमाने विद्यार्थी कसोटी निवडावयास शिकतो, परंतु तुलना पारखावयास शिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. समजा, एका निवासी डॉक्टरने धरणालगतच्या गावांत शिबिर घेऊन स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासले. १० ग्रॅमपेक्षा कमी नोंद असलेल्या स्त्रियांना तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. फेरतपासणीत सरासरी वाढली व पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी आले. आकडेमोड बिनचूक आहे. तथापि ही वाढ गोळ्यांमुळेच झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही. कमी नोंद पाहून निवडलेल्या गटात काहींची नोंद केवळ त्या दिवसापुरती किंवा मोजमापातील त्रुटीमुळे कमी आलेली असते. त्यांची पुढील नोंद औषधाविनाही वर सरकते. सरासरीकडे होणारी ही परागती फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्येच मांडली होती. शिवाय दरम्यान सुगी येऊन आहारही बदललेला असू शकतो. ‘बदल शून्य नसावा’ एवढेच कसोटी सुचविते. तो कशामुळे झाला, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याच निकषाने निवडलेला तुलनागट हवा.

तुलनागटाचे महत्त्व विशद करण्यास महाराष्ट्रातीलच एक अभ्यास उपयुक्त आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ गावांत सेवा होती, तर ४७ गावे तुलनेसाठी होती. सेवाक्षेत्रात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. केवळ एवढेच आकडे दिले असते, तर ‘काळानुसार दर घटलाच असता’ हा आक्षेप टिकला असता. परंतु तुलनाक्षेत्रात तो दर सुमारे ५८ होता आणि तिसऱ्या वर्षी ५९.६ राहिला. या निष्कर्षाचे बळ पी-मूल्यापेक्षा या चार आकड्यांच्या रचनेत आहे.

तथापि त्याच अभ्यासाची मर्यादाही वर्गात मांडली पाहिजे. गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती. त्यामुळे ८६ गावे असली तरी मूलतः तुलना दोन क्षेत्रांची होते. म्हणूनच पुढील यादृच्छिक समूह-चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. सिल्हेट (बांगलादेश) येथील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत घरोघरी सेवेच्या गटात नवजात-मृत्युदर ३४ टक्क्यांनी कमी आढळला. कार्यक्रम व परिस्थिती भिन्न असल्याने दोन्ही आकडे थेट पडताळता येत नाहीत. परंतु दिशा एकच राहून परिणामाचे प्रमाण का बदलते, हा प्रश्न विद्यार्थ्यास विचार करावयास लावतो.

तासिका अपुऱ्या असतात आणि परीक्षक पी-मूल्यच विचारतात, हा अध्यापकांचा आक्षेप वास्तव आहे. परंतु आकडेमोड आता संगणक करतो. वाचलेला वेळ तुलनेच्या चिकित्सेस देता येईल. प्रत्येक प्रबंधाच्या आराखड्यास तीन प्रश्न विचारावेत : तुलना कोणाशी? निवड कशी झाली? उपचार दिला नसता, तर काय घडले असते? हे प्रश्न माहिती गोळा करण्यापूर्वीच विचारले पाहिजेत, कारण रचनेतील दोष नंतर कोणतीही कसोटी दूर करू शकत नाही. अशा सदोष निष्कर्षाची किंमत अखेरीस रुग्णासच मोजावी लागते.