हसलेल्या अनारशाचं काय करायचं?

पाककृतींचं कुठलंही पुस्तक हाती आलं की मी आधी अनारशांचं पान काढते. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, निथळून सावलीत पसरा, दमट असतानाच कुटा, पिठी चाळून गुळात मळा, गोळा मुरू द्या. एवढं सगळेच सांगतात. पण तुपात सोडलेला अनारसा हसला, म्हणजे कडा सुटून पसरायला लागला, तर पुढे काय? उरलेल्या गोळ्यात थोडी कोरडी पिठी मळून पुन्हा एक तळून बघा, हे जे पुस्तक सांगतं ते मी घरी आणते. कारण ते लिहिणारीने कढईपाशी उभं राहून लिहिलेलं असतं.

अशी पुस्तकं जमवण्यातला खरा आनंद ती शेजारीशेजारी उघडून वाचण्यात आहे. एकटं पुस्तक फक्त कृती सांगतं. चार पुस्तकं एकत्र आली की कोण कुणासाठी लिहीत होतं, कुणाच्या घरात काय गृहीत धरलं होतं, ते दिसायला लागतं. आणि मराठी पाकपुस्तकाची ही कला कुठून कुठवर आली, हेही.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. धुरंधर पाठारे प्रभू घरातल्या, त्यामुळे मासळी-मटणाला त्या पुस्तकात हक्काची जागा आहे. पुढच्या काळात शाकाहारी ब्राह्मणी स्वयंपाकालाच ‘महाराष्ट्रीय’ म्हणायची सवय लागली, तिच्यावर हे जुनं पुस्तक हा चांगला उतारा आहे. त्या काळची मापं शेर-तोळ्यांची. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम हे माहीत असलं तरी काम संपत नाही, कारण आच चुलीची आणि निखाऱ्यांची आहे. झाकणावर निखारे ठेवून जे साधायचं, ते गॅसवर कसं साधायचं ते आपलं आपण शोधायचं. मला हे शोधणं फार आवडतं.

मग १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. घरोघरी ती कशी पोचली हे सांगायची गरज नाही; परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत आयांनी ती घातली. तिचं श्रेय बहुतेक जण सोपेपणाला देतात. मला तिचा मोठेपणा वाटीत दिसतो. ओगल्यांनी वजनं बाजूला ठेवली आणि वाटी-चमच्याचं माप धरलं. वाटी ही काही ठरीव नसते, सांगलीतली आणि न्यू जर्सीतली एक नसणार. पण एकाच वाटीने पीठही मोजलं आणि गूळही मोजला, तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. तराजू नसलेल्या स्वयंपाकघराला इतकं नेमकं शास्त्र याआधी क्वचितच मिळालं असेल. मंगला बर्वे यांची ‘अन्नपूर्णा’ही याच विश्वासाने वापरली गेली.

सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ वेगळ्या कारणासाठी जवळ हवी. ती एका समाजाची सामूहिक आठवण आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ तर लोकसंस्कृतीच्या अभ्यासक बाईंनी लिहिलेलं. विद्वत्ता आणि चव एका पानावर नांदू शकतात हे तिथे पटतं.

आज काय स्थिती आहे? पुस्तकं भरपूर निघतात. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत. फोटो मात्र नेहमी शेवटचा: ताटलीत मांडलेला पदार्थ, वर कोथिंबीर. मधलं काहीच नाही. मसाल्याला तेल सुटताना कडा कशा दिसतात, पाक गोळीबंद झाला हे पाण्यात थेंब टाकून कसं ओळखायचं, मोदकाची उकड चिरते ती पाणी कमी पडल्याने की मळण कमी पडल्याने, याला फोटो उत्तर देत नाही आणि मजकूरही देईनासा झाला आहे. ‘मंद आचेवर दहा मिनिटे’ एवढं लिहिलं की लेखक मोकळा. आच आणि भांडं बदललं की ती दहा मिनिटं कुणाच्याच उपयोगाची नाहीत. लिहिणाऱ्याने खुणा सांगायच्या असतात: वास कधी बदलतो, झारा कधी जड लागतो. ही कला मागे सरकली आहे असं मला स्पष्ट वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

याच काळात एक पुस्तक मात्र असं आलं की त्याने सगळं कपाट नव्याने लावायला लावलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, २०१५ चं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यात आहे: उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, आणि तेल-तुपाची चैन परवडत नसताना जमवलेली चव. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकरांनी ते इंग्रजीत नेलं. ते वाचून झाल्यावर बाकीच्या पुस्तकांतलं ‘तुपाची सढळ धार’ पूर्वीसारखं वाचता येत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण पाकपुस्तकं छापत होतो आणि ही चूल त्यांत जवळजवळ नव्हतीच.

अशा अजून किती चुली राहिल्या आहेत! पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी निवडणाऱ्या, त्यांचा कडूपणा किती पाण्यात उतरतो ते जाणणाऱ्या आदिवासी बाया. कळण्याच्या भाकरीचं गणित हातात असलेल्या खानदेशातल्या आज्या. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच नावाने, खुणांसकट लिहिलेली पुस्तकं प्रकाशकांनी आता काढायला हवीत. फोटो असलेच तर कढईतले असावेत. आणि जुनी पुस्तकं पुन्हा छापताना शेवटी मापांचा तक्ता जोडावा, निखाऱ्यांच्या जागी गॅसची आच किती ते कुणीतरी करून बघून लिहावं. माझ्या कपाटात अशा पुस्तकांसाठी जागा आहे.