मनगटाच्या अस्थिबंधांची अस्थिरता आणि गतिमान सोनोग्राफी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पुणे हे दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. घसरून पडताना माणूस नकळत तळहात पुढे करतो आणि शरीराचा सारा भार मनगटावर येतो. क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसले नाही, की अशा दुखापतीची ‘मुरगळ’ म्हणून बोळवण होते. वास्तविक मनगटातील ८ लहान हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध त्या वेळी फाटलेले असू शकतात. त्यांपैकी स्कॅफॉइड व ल्युनेट या हाडांमधील बंध दुर्लक्षित राहिल्यास पुढे सांधा झिजतो. या झिजेचा ठरावीक क्रम वॉटसन व बॅलेट यांनी १९८४ मध्ये मांडला. म्हणूनच या दुखापतीचे निदान वेळेवर होणे महत्त्वाचे ठरते.

विवेचन :
काही रुग्णांत हात विसावलेला असतानाही उपरोक्त दोन हाडांमधील अंतर वाढलेले दिसते. ३ मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर संशयास्पद मानले जाते. काहींत मात्र मूठ आवळल्यावर किंवा मनगट वळवल्यावरच ही हाडे एकमेकांपासून दूर सरकतात. हा दोष गतीत प्रकट होणारा असल्याने स्थिर चित्रात तो निसटतो. नेहमीची एमआरआय तपासणीही निश्चल हाताचीच असते.

गतिमान सोनोग्राफीचे सामर्थ्य येथे दिसून येते. प्रोब मनगटाच्या पाठीमागील बाजूस ठेवून रुग्णाला मूठ आवळण्यास, मनगट करंगळीच्या दिशेने झुकवण्यास सांगितले जाते व हाडांची हालचाल त्याच क्षणी पडद्यावर पाहता येते. दुसऱ्या हाताशी तुलना करता येते, किरणोत्सर्ग नसतो आणि खर्चही एमआरआयपेक्षा कमी असतो.

तथापि या गुणांमुळे तपासणीच्या मर्यादा झाकल्या जाऊ नयेत. ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत. बंधाचा मागील, सर्वांत बळकट भाग चांगला दिसत असला, तरी आतील पातळ पडद्यासारखा भाग नीट दिसत नाही. प्रोब किंचित तिरका झाला तरी निरोगी तंतू काळसर भासून फाटल्याचा आभास होतो. मूठ किती जोराने आवळावी, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. सबब ‘सोनोग्राफी निर्दोष’ याचा अर्थ ‘बंध शाबूत’ असा घेता येत नाही. संशय कायम राहिल्यास सांध्यात दुर्बीण घालून केलेली तपासणीच निर्णायक ठरते.

कायद्याची चौकट :
ही तपासणी अस्थिरोगतज्ज्ञाने स्वतःच्या बाह्यरुग्ण कक्षात करावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु सोनोग्राफी यंत्राकडे महाराष्ट्रात केवळ वैद्यकीय साधन म्हणून पाहता येत नाही. गर्भजल परीक्षणाच्या गैरवापराविरुद्ध कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य (१९८८). पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा व त्यातील २००३ ची दुरुस्ती यांमुळे यंत्रांवरील नियंत्रण कडक झाले. ० ते ६ वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, तर २०११ मध्ये ८९४ होती. ही घसरण पाहता यंत्र व जागा या दोहोंच्या नोंदणीचे बंधन अनाठायी म्हणता येणार नाही. मनगटासाठी आणलेल्या यंत्राचा प्रोब बदलला, की त्यावर गर्भही दिसू शकतो. त्यामुळे मनगटाच्या सोयीसाठी कायदा शिथिल करण्याची मागणी समर्थनीय नाही.

निष्कर्ष :
यंत्र तज्ज्ञाकडे जाऊ शकत नसेल, तर तज्ज्ञाचे निरीक्षण यंत्रापर्यंत पोहोचले पाहिजे. कोणत्या हालचालीत वेदना होते, हे अस्थिरोगतज्ज्ञाने चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. नोंदणीकृत केंद्रातील तज्ज्ञाने हाताची स्थिती, दोन्ही मनगटांतील मोजमाप आणि न दिसलेला भाग यांची अहवालात नोंद करावी, तसेच हालचालीचे चित्रण जोडावे. ज्या तपासणीचे सारे मोल गतीत आहे, तिचा अहवाल एका स्थिर चित्रावर व ‘दोष आढळला नाही’ या एका ओळीवर संपत असेल, तर ती तपासणी केवळ नावापुरतीच गतिमान राहते.