खोलीतलं भांडण आणि कॅमेरा

सरळच विचारतो. पडद्यावर नवरा-बायकोचं भांडण होतं ते कुणाचं? ज्यांच्याकडे दार लोटून रुसायला दुसरी खोली असते त्यांचं. आपल्या वाट्याला काय येतं? अत्याचार, मोर्चा, प्रेत. तेही खरंच आहे, नाकारत नाही. पण मार खाऊन आलेला माणूस रात्री बायकोशी काय बोलतो, तिथं कॅमेरा पोचत नाही.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लागला १७ एप्रिल २०१५ ला. कपड्यावरचे जयंतीच्या निळीचे डाग अजून गेले नव्हते. दादरला पाहिला. शाहीर नारायण कांबळे झालेत वीरा साथीदार. नट नव्हे, नागपूरचा कार्यकर्ता, ‘विद्रोही’ मासिकाचा संपादक. २०२१ साली कोरोनानं गेला. गाणी संभाजी भगतांची. चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. तरी एक गोष्ट तेव्हापासून सलतेय.

त्या चित्रपटात सगळ्यांना घर आहे. सरकारी वकीलबाई लोकलनं घरी येतात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात. बचावाच्या वकिलाचं लग्नावरून आईबापाशी वाजतं. जज्जसाहेब सहलीला जातात आणि झोपमोड केली म्हणून पोराच्या कानाखाली देतात. कांबळेची खोली मात्र दिसते शिकवणीपुरती. तो पोरांना शिकवतो, उठतो, गायला जातो, पकडला जातो. त्याच्यावर कोण चिडतं, त्याच्यासाठी भाकरी कोण झाकून ठेवतं, काही कळत नाही. गटारात मेलेल्या वासुदेव पवारचा संसार कळतो, तो त्याच्या बायकोच्या साक्षीतून. तो खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तरच आत उतरायचा. घाण सोसायची म्हणून प्यायचा. एवढा मोठा संसार, तो साक्षीच्या पिंजऱ्यात वकिलाच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगायचा! नंतर वकील पैसे देऊ करतो तर ती घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते. त्या बाईच्या मागं तिच्या घरापर्यंत कॅमेरा गेला असता तर?

जाणकार सांगतील, कमी पैशात, ऐनवेळी सुचलेल्या संवादांतून नात्यांचे चित्रपट करणं ही अमेरिकेची देणगी. जॉन कॅसाव्हेट्सचा ‘शॅडोज’ घ्या, १९५९ चा. रेडिओवर जाऊन लोकांकडे पैसे मागितले, नटांच्या कार्यशाळेतून गोष्ट उभी केली. दोन भाऊ, एक बहीण. थोरला काळा, धाकटी दोघं गोरी दिसणारी. बहिणीचा गोरा प्रियकर थोरल्याला बघतो आणि त्याचा चेहरा पडतो. भाषण नाही, घोषणा नाही, नुसता चेहरा. ‘आडनाव काय तुमचं?’ नंतरची ती शांतता आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हा प्रसंग आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पण भाबडेपणा नको. शेवटी पाटी येते की हे सगळं उत्स्फूर्त होतं, आणि पुन्हा चित्रित केलेला बराचसा भाग लिहिलेला होता. बहीण झालेली लेलिया गोल्डोनी काळी नव्हतीच. तिथंही प्रश्न हाच, कुणाचं दुःख कोण वठवतो.

आणि उत्स्फूर्त म्हणजे आपल्याला काय नवीन? तमाशातली बतावणी कुणी लिहून दिली होती? समोरचा गडी आणि समोरची माणसं बघून सोंगाड्या वाक्य फेकायचा. आमच्या आज्यापणज्यांनी पोटासाठी केलं ती बतावणी, आणि न्यूयॉर्कला झाली ती कला. च्यायला!

मराठीत सत्यदेव दुबेंनी १९७१ साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा चित्रपट केला. खेळ म्हणून ऐनवेळी रचलेला खटला बेणारेबाईचं खासगी आयुष्य सोलून काढतो. बेणारे शिक्षिका, आणि ती करणाऱ्या सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. अस्सल काम. पण त्या हॉलमधली सगळी माणसं एकाच वर्गातली. पुढं १९८३ च्या ‘कन्यादान’मध्ये तेंडुलकरांनी आपल्यातला नवरा आणला, तो बायकोला मारणारा. आपण चिडलो, बरोबर चिडलो. मात्र चिडून झाल्यावर आपण आपला नवरा रंगवला का?

कागदावर रंगवला. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) स्वतःचा मोडलेला संसार लपवला नाही. तेव्हाही लक्तरं वेशीवर टांगली म्हणून ओरडणारे आपल्यातच होते. मलिका अमर शेख, ऊर्मिला पवार, या बायांनी तर चळवळीतल्या पुरुषाला घरच्या कपड्यांत उभा केला. पडद्यावर नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ (२०१३) बाप-लेकातला ताण दाखवतो, पण तो गावातला. परळ-नायगावची चाळ अजून बाकी आहे.

म्हणून आम्ही चौघांनी मोबाईल घेतला. आधीच्या पिढीनं स्टेन्सिल कापून अंक काढले, कागदाची उधारी डोक्यावर घेतली. आपल्याला तर तेवढाही खर्च नाही. नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. गोष्ट एका ओळीची, कार्यकर्ता सभेवरून उशिरा घरी येतो. नवरा आमच्यातलाच, बायको त्याची खरोखरची बायको. संवाद लिहिलेच नाहीत. दोन वेळा वहिनी लाजल्या. तिसऱ्या वेळी ताट वाढता वाढता म्हणाल्या, ‘समतेवर दोन तास बोललास म्हणे. इथं नळावर हंडा घेऊन कोण उभं होतं ते नाही सांगितलंस?’ तो खरंच गप्प झाला. त्याचा घास हातातच राहिला. मोबाईल धरणाऱ्याचा हात हलला, ते हलणंही तसंच राहिलंय.

मग बैठक बसली. एक म्हणाला, कापा, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? दुसरा म्हणाला, कार्यकर्त्याची बदनामी आहे. मी म्हटलं, गप्प झालेला घास हाच आपला चित्रपट आहे, बाकी सगळं कापा. रात्री दीडपर्यंत भांडलो. त्या बैठकीत वहिनींना बोलावलं नव्हतं, हे माझ्याही दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

विचारायला गेलो तर त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, ‘कापू नका. आणि दाखवाल तेव्हा ह्यांना पुढच्या रांगेत बसवा.’