ड्रॅगनचें बळ आणि त्रैराशिक

व्हिडिओ-गेमला वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद असेल. परंतु त्याच्या रसिकवर्गांत टीकेचा एक नवा प्रघात पडला आहे व तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. दोन निरनिराळ्या खेळांतील ड्रॅगन घ्यावयाचे, खेळांत जें दिसतें वा सांगितलें जातें त्यावरून त्यांचें वजन, वेग व ज्वालेची उष्णता ठरवावयाची, आणि पदार्थविज्ञानाचीं ढोबळ सूत्रें लावून कोणाचें सामर्थ्य अधिक याचा निकाल द्यावयाचा, असा हा प्रघात आहे. घरोघरचीं मुलें हा वाद हिरीरीनें घालतात, आणि वडील मंडळी तो पोरकट म्हणून सोडून देतात. आमच्या मतें या पद्धतींत एक अस्सल टीकागुण आहे, तसाच एक मोठा दोषहि आहे. दोन्ही नीट पारखून घेतले पाहिजेत.

ढोबळ गणित म्हणून त्याची हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. १६ जुलै १९४५ रोजीं अमेरिकेंत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली, तेव्हां एन्रिको फर्मी यांनीं हातांतले कागदाचे कपटे खालीं सोडले, स्फोटाच्या लाटेनें ते किती दूर सरकले तें पाहिलें, आणि स्फोट दहा हजार टन टी.एन.टी.च्या तोडीचा असावा असा अंदाज बांधला. खरा आंकडा त्याच्या दुपटीहून अधिक भरला. तथापि कपट्यांच्या साक्षीवर इतकें जवळ पोंचणें ही सामान्य गोष्ट नव्हे. अंदाजाचें काम सूक्ष्म उत्तर देणें हें नसून, उत्तर शेंकड्यांत आहे कीं कोटींत आहे एवढें सांगणें हें आहे.

आतां एक उदाहरण घेऊं. १९९६ सालीं जपानांत निघालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळांत ड्रॅगोनाइट नांवाचा प्राणी आहे. त्याची उंची २.२ मीटर, वजन २१० किलो. आणि त्या मालिकेंतील प्राणिकोशांत असें म्हटलें आहे कीं, तो सोळा तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करूं शकतो. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर. म्हणजे वेग ताशीं २,५०० किलोमीटर, ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट. त्या वेगानें तो एखाद्या भिंतीवर आदळला तर जी ऊर्जा बाहेर पडेल ती सुमारें पांच कोटी ज्यूल, म्हणजे बारा किलो टी.एन.टी. इतकी. कल्पनेंतील महाबली ड्रॅगनच्या मानानें ही गोष्ट क्षुल्लक वाटेल.

परंतु गणित येथेंच थांबवूं नये. हवा वाट देत नाहीं, ती कापावी लागते. त्याच्या अंगाचा समोरील भाग एक चौरस मीटर धरला आणि हवेचा अडथळा मध्यम मानला, तर समुद्रसपाटीजवळच्या हवेंत या एका प्रदक्षिणेस जवळजवळ सहा लक्ष कोटी ज्यूल लागतात. एवढी ऊर्जा चरबी जाळून मिळवावयाची म्हटलें तर दीडशें टन चरबी हवी. हवा जेथें एकतृतीयांश विरळ असते अशा उंचीवरून तो गेला असें मानलें, तरी पन्नास टन पाहिजेच. आणि प्राण्याचें वजन तर दोनशें दहा किलो! मुलें ज्याच्या धडकेवर पैजा लावतात, त्याचें खरें आश्चर्य त्याच्या शांत उड्डाणांत लपलेलें आहे. जें वाक्य सहज वाचून पुढें जावें, त्यांत केवढा अद्भुत रस सांठविलेला आहे हें त्रैराशिकानें दाखवून दिलें. हाच या पद्धतीचा टीकागुण होय. ती वाचकाला शब्दाशीं थांबावयास लावते.

दोष पुढें येतो. एकाच खेळाच्या पोटांत तीन साक्षीदार असतात: वर्णन, चित्र व अंक, आणि त्यांचें एकमेकांशीं क्वचितच पटतें. ज्या ड्रॅगोनाइटला वर्णनानें असंभाव्य बळ दिलें, त्याचा आक्रमणाचा अंक आहे १३४. त्याच मालिकेंतील ओझोनच्या थरांत राहणारा आकाशसम्राट् रेक्वाझा, त्याचा १५०. अंकांवरून पाहतां दोघांत आठव्या हिश्शाचें अंतर. ‘फायनल फँटसी’च्या १९९७ सालच्या सातव्या खेळांत बहामूत या ड्रॅगनराजाचें एक रूप अंतराळांतून पृथ्वीवर प्रकाशाचा लोट सोडतें. चित्र पाहतां देशच्या देश भस्म व्हावे. परंतु त्या खेळांत कोणत्याहि आघाताची मोजणी ९,९९९ या अंकापुढें जात नाहीं, आणि बलाढ्य शत्रु तो लोट सोसून पुन्हां लढावयास उभा राहतो. आतां न्यायाधीशानें कोणाची साक्ष प्रमाण मानावी? बहामूतचें चित्र आणि ड्रॅगोनाइटचें वर्णन एकाच तराजूंत घालणें म्हणजे एका कवीची अतिशयोक्ति दुसऱ्याच्या जमाखर्चाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. आपल्या साहित्यशास्त्रानें अभिधा व लक्षणा यांत जो भेद केला, तो येथें विसरला जातो. अंतराळांतला लोट ही लक्षणा आहे; ९,९९९ हा खेळाचा नियम आहे.

याहून सूक्ष्म अडचण ‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळांत दिसते. तेथें ड्रॅगनांची योजनाच अशी आहे कीं, खेळाडूची पायरी वाढत जाते तसे अधिकाधिक बलवान् ड्रॅगन त्याच्यापुढें येतात. म्हणजे तेथें बळ हा खेळणाराच्या प्रगतीशीं जोडलेला संबंध आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्या ड्रॅगनच्या मुखांतून निघणारा अग्नि ही त्यांची भाषा आहे. दोन ड्रॅगन एकमेकांवर ज्वाला फेंकतात तेव्हां तो वस्तुतः वादविवाद असतो, असें तो खेळच सांगतो. अशा ज्वालेचें उष्णतामान काढून ज्यूलांत उत्तर देणारा टीकाकार, दोन शास्त्र्यांच्या वादांत कोणाचा आवाज मोठा तें मोजून जयपत्र लिहून देतो! मोजणी बरोबर असेल. पण जें मोजावयाचें होतें तेंच हातून निसटलें.

तेव्हां मुलांच्या हातून हें त्रैराशिक काढून घ्यावें काय? मुळींच नाहीं. परीघाला तासांनीं भागावें व त्यांतून दीडशें टन चरबी निघावी, याइतका उत्तम पदार्थविज्ञानाचा धडा क्रमिक पुस्तकांत क्वचित् सांपडेल. त्यांना एवढेंच शिकवावें कीं, प्रत्येक आंकड्याशेजारीं तो कोणत्या साक्षीदाराकडून मिळाला तें लिहावें, आणि निरनिराळ्या साक्षींची बेरीज करूं नये. मग ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न बहुधा सुटणार नाहीं. परंतु त्याच्या जागीं ‘या खेळाच्या कर्त्यानें बळ कशांत पाहिलें’ हा दुसरा प्रश्न उभा राहील. एकानें तें अथक उड्डाणांत पाहिलें, दुसऱ्यानें आकाशांतून कोसळणाऱ्या प्रकाशांत, तिसऱ्यानें शब्दांत. हा प्रश्न टीकेचा आहे, आणि तेथवर पोंचण्यास गणिताची शिडी उपयोगी पडत असेल तर ती ओढून घेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.